‘आपण काय करता?’

लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी माणसे शेजारी बसली, की नावगाव विचारून होताच पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आपण काय करता?’ प्रश्न साधा आहे, विचारणाऱ्याच्या मनात वाईट हेतूही नसतो. परंतु तोच प्रश्न चुकविण्यासाठी मांडवाच्या मागल्या अंगाला उभा राहणारा बेकार तरुण आम्ही पाहिला आहे. नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ ‘पूर्वी अमुक होतो’ असे भूतकाळात उत्तर देतात. आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी माउली म्हणते, ‘मी काही करीत नाही, घरीच असते.’ या तिन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच समज आहे. तो हा, की धंदा म्हणजेच माणूस.

हा समज आपल्याकडे जुना आहे. सुतार, लोहार, कुळकर्णी, पाटील ही आडनावे कामावरूनच पडली. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने रद्द झाली. गावचे दप्तर गेले, आडनाव तेवढे राहिले. आज एखादा कुळकर्णी दुकान चालवितो आणि एखादा सुतार शाळेत शिकवितो. नावावरून काम कळत नाही, तसा कामावरून माणूस तरी कोठे कळतो?

इंदूरचे उदाहरण पाहा. तेथे हजारो कुटुंबे कापडगिरण्यांवर जगत होती. ‘गिरणी कामगार’ हीच त्यांची ओळख. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. हुकुमचंद गिरणी १९९१-९२ च्या सुमारास बंद झाली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी फेडण्यासाठी सुमारे २२४ कोटी रुपये मिळावयास डिसेंबर २०२३ उजाडले. तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते. हा अन्याय लहान नव्हे. तथापि, याच कामगारांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या रात्री सजविलेल्या झाँक्यांची मिरवणूक काढण्याचा प्रघात पाडला होता, आणि गिरण्यांचे भोंगे थांबल्यावरही त्यांनी तो मोडू दिला नाही. यंत्र गेले, पगार गेला. कला, स्नेह आणि शब्दाला जागण्याची वृत्ती गेली नाही. ती गिरणीने दिलेली नव्हती, म्हणून गिरणीला ती परत घेता आली नाही.

याचा अर्थ काम तुच्छ आहे असा मुळीच नव्हे. पोप महाशय बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून ठरवून दिला, तो श्रमाचा गौरव म्हणूनच. आणि १९८१ साली पोप महाशय दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या परिपत्रकात स्पष्ट केले, की कामाची थोरवी ते करणाऱ्या माणसामुळे असते. माणसाची थोरवी कामामुळे नव्हे.

नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने उपदेशास आरंभ केला, तेव्हा गावकऱ्यांनी ‘हा तर सुतार’ असे म्हणून विषय संपविला. संत मार्कने सहाव्या अध्यायात ही हकीकत नोंदविली आहे. गावकरी खोटे बोलत नव्हते. ज्यांच्या घराची दारे त्याने बसविली असतील, त्यांना त्याचा धंदा चांगला ठाऊक होता. परंतु धंदा कळला म्हणजे माणूस कळला अशी त्यांची खात्री झाली, आणि इतकी वर्षे आपल्या शेजारी कोण राहिला हे त्यांना उमगले नाही.

वाचकहो, आपल्याही गावात असा कोणी असेल. येत्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात तो भेटेल, तेव्हा ‘सध्या काय करतोस?’ याआधी ‘कसा आहेस?’ एवढे आपण विचारू. आणि घरी मुलांना आजोबांविषयी सांगताना ते कोणत्या हुद्द्यावर होते एवढेच न सांगता, कोणाच्या आजारपणात ते उशाशी बसले, कोणाशी त्यांनी भांडण मिटविले, हेही सांगू. मुले त्यावरूनच त्यांना ओळखतील.