‘धडाकेबाज’ आणि रुंद पडदा

निर्जन माळ, घोड्यांवरचे दरोडेखोर आणि बेधडक नायक ही मूळची अमेरिकी पश्चिमपटांची मिरासदारी. ‘शोले’ने (१९७५) ती हिंदीत रुजविली आणि १९९० मध्ये महेश कोठारे यांनी ‘धडाकेबाज’मध्ये तिला मराठी विनोदाची फोडणी दिली. दरोडेखोराचे नाव कवट्या महाकाळ! सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ ज्यास ठाऊक, त्याची भीती नावापाशीच पळते. शिवाय लक्ष्मीकांत बेर्डे दोन रूपांत : एक लक्ष्या, दुसरा बाटलीतला चिमुकला गंगाराम.

सारे भडक, पोरकटही. परंतु मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट हाच, हे आपले समीक्षक सोयीस्करपणे विसरतात. हिंदीत ‘कागज के फूल’ने हे १९५९ मध्येच केले होते, मराठीला आणखी ३१ वर्षे लागली.

या पद्धतीत कॅमेऱ्याचे विशेष भिंग रुंद दृश्य आडवे आक्रसून ३५ मि. मी. फितीवर बसवीत असे; चित्रपटगृहातील प्रक्षेपकाचे भिंग ते पुन्हा पसरवी. फितीवर माणसे काटकुळी, पडद्यावर धडधाकट! पडद्याची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट. एवढ्या चौकटीत एकटा नट उभा केला तर दोन्ही बाजू ओस पडतात. दिवाणखान्यातल्या कथेला ती रुंदी डोईजड होते; दरोडेखोरांच्या टोळीला मात्र ती हवीच असते.