भांडवल: मुद्दल, पुंजी की गंगाजळी?
भांडवल म्हणजे नुसता पैसा नव्हे. शिंप्याचं मशीन, दुकानातला माल हेही भांडवलच. मुद्दल, पुंजी, गंगाजळी हे शब्द जवळचे, पण अदलाबदल करून चालत नाही. मुद्दल व्याजाच्या जोडीनंच येतं. पुंजी साठवलेली, बहुधा तुटपुंजी. गंगाजळी म्हणजे संस्थेनं अडीअडचणीसाठी राखलेला निधी. यंत्रं, इमारत हे स्थिर भांडवल. रोजची खरेदी, पगार भागवतं ते खेळतं. त्याकडेच फार दुर्लक्ष होतं. उधारी थकली की हे खेळतं भांडवल अडकतं आणि कागदावर नफ्यात असलेला धंदाही बसतो. (दुसऱ्याच्या दुःखाचं ‘भांडवल’ करणारे मात्र सहसा बुडत नाहीत!) कंपनीचं असतं ते भागभांडवल; खासगी कंपनीसाठी असलेली त्याची किमान १ लाख रुपयांची अट २०१५ मध्ये रद्द झाली.