द्राक्षांची गावे आणि हळदीचे वसमत

नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेऊन औंढा नागनाथकडे निघालेल्या भाविकांच्या गाड्या वसमतवरून जातात. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास या भागातील शिवारांत हळदीची धांदल असते. खणून काढलेले कंद पूर्वी मोठ्या लोखंडी कढयांत शिजत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये शिजतात. पुढे कित्येक दिवस ते उन्हात वाळतात, ड्रममध्ये फिरून चकचकीत होतात आणि पोत्यांत भरून मोंढ्यात येतात. तो वास गाडीच्या काचा ओलांडून आत शिरतो. पण चहाखेरीज कशासाठी कोणी खाली उतरत नाही. उतरून पाहावे असे तेथे काही आहे, असे ना प्रवाशाला वाटते, ना वसमतकराला.

युरोपात अशाच शेतकामाच्या ओढीने लोक देशोदेशीहून येतात. पीक तेवढे द्राक्षाचे असते. ‘वाइन टुरिझम’ हा शब्द ऐकला की उंची प्याले आणि श्रीमंती थाट डोळ्यांपुढे येतो. तो आहेच. परंतु या प्रवासाचा अधिक रोचक भाग पिण्याचा नसून परक्या गावात, शेतकऱ्याच्या अंगणात, त्याच्याच बाकावर बसण्याचा असतो.

व्हिएन्नाचे उदाहरण घ्यावे. या राजधानीच्या हद्दीत आजही सुमारे ६०० हेक्टर द्राक्षमळे आहेत आणि ग्रिन्झिंगसारख्या मळ्यांच्या वस्तीपर्यंत शहराची ट्राम जाते. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ साली फर्मान काढून शेतकऱ्याला स्वतःच्या मळ्यातील वाइन स्वतःच्या घरी विकण्याची मुभा दिली. त्यातून ‘हॉयरिगर’ नावाची अंगणातील पानगृहे उभी राहिली. ‘हॉयरिगर’ म्हणजे यंदाचे. दारावर पाइनची डहाळी टांगलेली दिसली की घरची वाइन सुरू आहे असे समजायचे. डहाळी उतरली की दार बंद. जाहिरातीचा याहून स्वस्त प्रकार शोधून सापडणार नाही! सोबतीला पाव, चीज, थंड मांस असे साधे पदार्थ. संध्याकाळी तेथे बसलेल्यांत पर्यटक असतात, तसेच कामावरून परतलेले शेजारीही असतात. शेजारी आहेत म्हणूनच पर्यटकाला तेथे बसावेसे वाटते. जर्मनीतही अशी हंगामी घरे आहेत. त्यांना वर्षात फार तर चार महिने आणि चाळीस आसनांपुरती सवलत मिळते, म्हणजे शेतकऱ्याने शेतकरीच राहावे अशी कायद्याचीच इच्छा दिसते.

जॉर्जियातील काखेती प्रांत मराठी माणसाला आणखी जवळचा वाटावा. तेथे द्राक्षरस गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या मातीच्या प्रचंड रांजणांत भरतात. या ‘क्वेव्री’ पद्धतीला २०१३ साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. घराच्या तळघरातील तो रांजण पाहून आपल्याकडील पेवाची आठवण होणे अटळ आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद अशाच जमिनीखालच्या पेवांत साठवली जात असे. २००५च्या महापुरात त्यांतील अनेक पेवांत पाणी शिरले. पेव असो की क्वेव्री, आत माणूस उतरवण्यापूर्वी कोंडलेली दूषित हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. जॉर्जियात मात्र तो रांजण पाहुण्याला कौतुकाने दाखवला जातो.

हे कौतुक आयते मिळालेले नाही. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतात १९११ साली द्राक्ष उत्पादकांनी दंगली केल्या. व्यापारी बाहेरच्या प्रांतांतील द्राक्षे आणून त्यांची वाइन शॅम्पेनच्या नावाने विकत, हा त्यांचा राग होता. पिंपे नदीत ओतली गेली, घरे जळाली, सरकारला लष्कर पाठवावे लागले. गावाचे नाव ही गावाची मालमत्ता आहे, हे तत्त्व अशा झगड्यांतून रुजले आणि १९३५ साली फ्रान्सने त्याला कायद्याची पक्की चौकट दिली. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू झालेल्या ‘ट्रिप्स’ करारातही त्याचा ठसा आहे. वाइन आणि मद्याला तेथे इतर मालापेक्षा कडक संरक्षण आहे. ‘अमुक गावच्या पद्धतीची’ असे लिहूनही दुसऱ्याला ते नाव वापरता येत नाही. हळदीच्या बाबतीत मात्र ग्राहकाची दिशाभूल झाल्याचे दाखवावे लागते. एकाच करारात द्राक्षाला एक न्याय आणि हळदीला दुसरा. भारतासारख्या देशांनी या भेदाला हरकत घेतली, ती रास्तच होय.

महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण आणले. नाशिकच्या गंगापूर धरण परिसरात आज मुंबई-पुण्याचे पर्यटक गर्दी करतात, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. परंतु तेथे पाहुणा कंपनीच्या दालनात जातो, चव घेतो आणि परततो. द्राक्षे पिकवणाऱ्याच्या ओसरीवर तो क्वचितच टेकतो. वाइन आपल्या रोजच्या ताटातली नसल्याने हे घडते, यात कोणाचा दोष नाही.

हळद मात्र रोजच्या ताटातली आहे. लग्नात ती अंगाला लागते, जखमेवर दाबली जाते, भंडाऱ्यात उधळली जाते. म्हणून वाइनच्या गावांचा कित्ता नाशिकपेक्षा वसमतला अधिक सहज गिरवता येईल. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. तरीही पोते मोंढ्यातून दूरच्या पेठेत गेले, त्याची पूड झाली आणि दुसऱ्या मालात मिसळली, की नाव पुसले जाते. कागदावरचे मानांकन ते अडवू शकत नाही. ज्याने गाव पाहिले आहे असे गिऱ्हाईक मात्र पुडीवर नाव शोधते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे. औंढ्याला जाणारी गाडी अर्धा तास थांबावी, कुकरची वाफ पाहावी, ज्वारीच्या भाकरीबरोबर ओल्या हळदीचे लोणचे खावे आणि शेतकऱ्याच्या हातून किलोभर हळद घेऊन पुढे जावे, एवढ्यासाठी दालने बांधण्याची गरज नाही. आज हळद शिजते आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावे म्हणून बांधावर एक हळदीचे पान टांगले तरी पुरे.