पावती फाडली म्हणजे पीएफ मिळतो?

उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की हमालाला उसंत नसते. पोतं उतरवायचं, काट्यावर ठेवायचं, तोंड शिवायचं, थप्पी लावायची. चहाच्या टपरीवर युनियनचा विषय निघालाच, तर दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, “पावती फाडली की पीएफ चालू.” दुसरं, “वर्गणी म्हणजे पुढाऱ्याचं चहापाणी.” दोन्ही चूक, पण पहिली चूक जास्त महागात पडते.

पावतीने माणूस युनियनचा सभासद होतो, एवढंच. पीएफ मिळतो तो माथाडी मंडळाकडे नोंदणी असली तर. हमालाची मूळ अडचण अशी, की त्याला एक मालक नाही. सकाळी या आडतीवर, दुपारी त्या डाळमिलच्या दारात. मग बोनस मागायचा कुणाला? मुंबईत कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना, म्हणजे ओझं वाहणाऱ्या कामगारांना, एकत्र केलं, त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि मध्ये मंडळ बसलं. त्यात सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी असतात. मालकाने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला द्यायची.

समजा महिन्याची हमाली १०,००० रुपये झाली आणि लेव्ही ३० टक्के आहे. मालकाने १३,००० भरायचे. (दर मंडळागणिक वेगळा असतो, हे नुसतं उदाहरण.) वरच्या ३,००० मधून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार यांची सोय होते. लेव्ही हमालीतून कापतात, हा आणखी एक गैरसमज. ती मालकाने वरून द्यायची असते. म्हणूनच रोख हमाली हातावर टेकवून मोकळं होणं त्याला सोयीचं. संध्याकाळी खिसा गरम होतो, पण नोंद कुठेच नाही. मग खिशात युनियनची पावती असली तरी पीएफ शून्य.

तर मग युनियन हवी कशाला? नोंदणी आपोआप होत नाही म्हणून. एकट्याने मागितली, तर उद्या दुसऱ्याला बोलावणं येतं. पोत्यामागचा हमालीचा दरही बाजार समिती, व्यापारी आणि संघटना बसून ठरवतात, आणि तो सगळ्या आवाराला लागू होतो. सभासद नसलेल्यालाही तोच दर. वर्गणी चुकवणारे बरेच असतात ते यामुळेच, आणि दर युनियनमुळे वाढला हे त्यांना पटत नाही तेही यामुळेच.

युनियनमुळे पडणारा फरक नेमका मोजणं सोपं नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये युनियनमधल्या कामगाराची मध्यक आठवडी कमाई १,२६३ डॉलर होती, बाहेरच्याची १,०९०. पण हे सगळं श्रेय युनियनचं नव्हे. उद्योग, वय, गाव यांचाही त्यात वाटा आहे. फ्रीमन आणि मेडॉफ या अर्थतज्ज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं, की युनियनचा परिणाम पगारापेक्षा इतर लाभांवर जास्त दिसतो. मोंढ्यातल्या माणसाला हे नवीन नाही. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध आवाज उठवला, पोतं पन्नासवर यावं म्हणून. हा लाभ पगाराच्या कुठल्या रकान्यात लिहिणार? तो मणक्यात जमा होतो.

युनियन म्हणजे संप, असंही म्हणतात. १९८२ चा मुंबईच्या गिरण्यांचा संप अजून लोकांच्या मनातून गेलेला नाही. पण संघटनेचं बहुतेक काम करार, तक्रारी आणि मंडळाच्या फेऱ्या यांतच जातं.

आणि माथाडी कायदा फक्त डोक्यावर ओझं वाहणाऱ्या पुरुषांचा, ही समजूत तर सरळ बाईमाणसाच्या पोटावर येते. धान्यबाजारातलं मोजमाप, पोती भरणं, शिवणं, माल निवडणं, साफ करणं, सगळं त्यात आहे. थप्पीच्या आडोशाला चाळणी धरून बसलेल्या बाया, सांडलेले दाणे झाडूने गोळा करणाऱ्या बाया मोंढ्यात पहाटेपासून असतात. हमालांच्या यादीत मात्र त्यांची नावं कुणी शोधत नाही.