रिकामी जागा आणि वाटेवरचा मनुष्य

आठवड्याच्या बाजाराचे दिवशी तिसऱ्या प्रहरी आपल्याकडील कोणत्याही फाट्यावर घटकाभर उभे राहून पाहावे. डोक्यावर ओझे, कडेवर मूल अशी चार-सहा माणसे एस. टी.ची वाट पाहात असतात, आणि त्यांच्या समोरून एकटा धनी बसलेल्या मोटारी धुरळा उडवीत निघून जातात. हे मोटारवाले सर्वच निष्ठुर असतात असे आम्ही म्हणणार नाही. थांबावे असे पुष्कळांच्या मनात येते. परंतु ‘हा कोण, कोठला?’ ही शंका आडवी येते. वाटेवर उभ्या असलेल्या बाईसही मोटारवाल्याविषयी नेमकी हीच शंका असते. हा दुहेरी संशय दूर करण्याची एका शेतकरी देशाने जी तोड काढिली, तिची हकीगत वाचकांस सादर करीत आहो.

क्यूबा हे अमेरिकेजवळील बेट. लांबी सुमारे १,२५० किलोमीटर, आणि ऊस हे तेथील मोठे पीक. तेथील साखर सोव्हिएट रशियास जाई व मोबदल्यात तेल येई. इ. स. १९९१ मध्ये सोव्हिएट राज्य मोडले आणि तेलाची आवक एकाएकी घटली. ट्रॅक्टर शेतात उभे राहिले. शेतकऱ्यांनी पुन्हा बैल शिकवून नांगरास जुंपले. शहरांतून चीनमधून आणविलेल्या सायकली दिसू लागल्या. परंतु सायकलीने दोन-तीनशे किलोमीटर कोण जाणार? मोटारगाड्यांच्या फेऱ्या तर निम्म्याहून कमी झालेल्या.

तेव्हा सरकारने नियम केला की, सरकारी मोटारीत जागा रिकामी असेल तर ती वाटेवरच्या मनुष्याची समजावी. गावाच्या वेशीवर व चौरस्त्यावर पिवळसर गणवेशाचे नोकर नेमिले. लोक त्यांस ‘आमारियो’, म्हणजे ‘पिवळे’, म्हणू लागले. कोणास कोठे जावयाचे हे विचारून घ्यावे, मोटार थांबवावी, चालकास मुक्काम विचारावा आणि पाळीप्रमाणे माणसे बसवून द्यावी, एवढेच त्यांचे काम. खाजगी मोटारीवर अशी सक्ती नव्हती, तरीही पुष्कळ चालक आपण होऊन थांबत. ह्या व्यवस्थेत उणिवाही होत्या. कित्येकांस उन्हात तासन्‌तास तिष्ठावे लागे, आणि मुक्कामी केव्हा पोहोचू ह्याचा भरवसा नसे.

पोलंड देशात इ. स. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निराळी युक्ती निघाली होती. प्रवासी एक पुस्तिका विकत घेई. तीत कूपने असत. जो चालक त्यास नेई त्याला अंतराप्रमाणे कूपने मिळत, आणि हंगामाअखेर ज्यांच्यापाशी अधिक कूपने जमत त्यांस बक्षिसे देत. ही योजना कित्येक वर्षे चालून पुढे बंद पडली.

दोन्हींचे मर्म एकच आहे. दया लोकांच्या मनात पूर्वीपासूनच होती. ती कोणी हुकुमाने निर्माण केली नाही. केवळ दोन अनोळखी माणसांच्या मध्ये एक साक्षीदार उभा केला, आणि भय कमी होताच दयेस वाट मिळाली. आपल्याकडे तरी दुसरे काय घडते? आषाढीच्या वाटेवर वारकऱ्यास ‘तू कोण?’ असे विचारून कोणी भाकरी वाढीत नाही. गळ्यातील तुळशीची माळ व खांद्यावरील पताका हीच त्याची साक्ष होय.

आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांमागे मृगाच्या पावसात आमची मोटार रात्री बंद पडली, आणि बरोबरचे वृद्ध सोबती तापाने फणफणले होते. दुधाची गाडी घेऊन चाललेल्या एका तरुणाने त्यांस आपल्या शेजारी बसवून तालुक्याच्या दवाखान्यात पोचविले. पैसे पुढे करिताच तो म्हणाला, “अहो, माझ्या आईलाबी असंच कुणीतरी नेलं होतं.” त्याचे नाव विचारावयाचे त्या गडबडीत राहून गेले, ह्याची रुखरुख अद्यापि आहे. त्याचे ऋण दुसऱ्या कोणास तरी फेडावयाचे, एवढाच मार्ग आता उरला.

म्हणून सभासद बंधूंस आमची एक सूचना आहे. फाट्यावरील सोसायटीच्या दुकानात एक फळा लावावा. कोण, केव्हा, कोठे जाणार व किती जागा रिकाम्या आहेत, हे ज्याने त्याने त्यावर लिहावे. दुकानदाराने उतारूचे नाव व मोटारीचा नंबर वहीत टिपून ठेवावा. हाच आपला साक्षीदार. दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावी. भाडे म्हणून पैसाही घेऊ नये, कारण खाजगी मोटार भाड्याने चालविण्यास कायद्याची परवानगी नाही. तसेच मालाच्या ट्रॉलीवर माणसे कदापि बसवू नयेत. उपकार करू जाता जीव गमावण्याची पाळी येते.

रिकामी जागा ही पडीक जमिनीसारखी आहे. ती आपलीच असते, तिचा खर्चही आपणच सोसतो, आणि तरी तीत काही पिकत नाही. येत्या बाजाराच्या दिवशी फाट्यावरून परतताना एवढी गोष्ट ध्यानी ठेवावी, अशी विनंती आहे.