कोंबडीच्या पोटातले राखणदार

रविवारी सकाळी कल्याण-डोंबिवलीत चिकनच्या दुकानांसमोर रांग लागते. तिथली ब्रॉयलर कोंबडी साधारण 40 दिवसांत 2 किलोची होते. एवढ्या झपाट्याने वाढायचं, तर खाल्लेला दाणा अंगी लागायला हवा. आणि ते ठरतं आतड्यात.

हॅचरीतलं पिल्लू यंत्राच्या उबेत जन्मतं. आईचा सहवास नाही, म्हणून तिच्याकडून मिळणारे उपयुक्त जिवाणूही नाहीत. अशा रिकाम्या आतड्यात साल्मोनेला हा रोगजंतू सहज ठाण मांडतो. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला या संशोधकांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना दिले आणि साल्मोनेलाला जागाच उरली नाही. भरलेल्या लोकलमध्ये ठाण्याला चढणाऱ्याला बसायला जागा मिळत नाही, तसंच हे.

प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणू घातलेल्या खाद्यामागचं एक तत्त्व हेच. लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू आम्ल तयार करून रोगजंतूंना अडवतो. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू गोळीखाद्य बनवतानाची उष्णताही सोसतात.

अँटिबायोटिकऐवजी प्रोबायोटिक वापरण्याची निकड आपल्यालाही आहे. वाढीसाठी अँटिबायोटिक चारत राहिलं, की औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. युरोपीय संघाने 2006 पासून ही प्रथा बंद केली. भारताने 2019 मध्ये पशुखाद्यात कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली.

मात्र शेडमधलं तूस ओलं आणि पाणी दूषित असेल, तर प्रोबायोटिक एकटं पुरणार नाही. पाण्यातून ते देताना क्लोरीनही टाळावं. त्याने हे जिवंत राखणदारच मरू शकतात. कोंबडीचं आतडं जपणं म्हणजे आपल्या मुलांसाठी औषधांची ताकद राखून ठेवणं.