मशीन कमी, माणसं जमली

संपादक म्हणाले, तालुक्याच्या गावातल्या एखाद्या संगणक क्लबवर लिहा. 1999 साली तालुका झालेल्या आमच्या वडवणीत एमएस-सीआयटीचे क्लास आहेत, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत. पण ना फी ना परीक्षा, नुसतं एकमेकांचं अडलेलं सोडवायला बसणारं मंडळ काही मला सापडलं नाही. मग असल्या मंडळाचं मूळ शोधू लागलो, तर हाती लागली काँप्युटर सोसायटी ऑफ इंडिया.

तिची स्थापना 1965ची. संगणक वापरणाऱ्या मूठभर लोकांच्या गटातून ती उभी राहिली. पहिले अध्यक्ष टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) आर. नरसिंहन. पुढे शाखा, अधिवेशनं, नियतकालिकं असा रीतसर पसारा वाढला.

मी मात्र अडकलो नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या यंत्रात. 1960 साली सुरू झालेल्या या संगणकाला नेहरूंनी 1962मध्ये 'टिफरॅक' हे नाव दिलं. त्याची स्मृती 2048 शब्दांची, एकेक शब्द 40 बिटांचा. म्हणजे 81,920 बिटं. एका बिटाला फेराइटचं एक बारीक कडं, जाळीतल्या तारांत मण्यासारखं ओवलेलं. आडव्या-उभ्या तारांतून निम्मा-निम्मा प्रवाह सोडायचा; जिथं दोन्ही भेटतात, तेवढंच कडं हलतं. चुंबकत्व एका दिशेला असेल तर 1, उलट असेल तर 0. खोड एकच: वाचायचं म्हणजे कड्याला 0कडे ढकलायचं. ते उलटलं तर तारेत क्षीण स्पंद येतो आणि आधी 1 होता हे कळतं, पण कळेपर्यंत तो पुसलेला असतो! म्हणून यंत्र लगोलग तो पुन्हा लिहून ठेवी, दर वाचनाला.

त्या काळी देशात यंत्रं मोजकी आणि तऱ्हा निरनिराळ्या. कानपूरच्या आयआयटीत आयबीएम 1620, टीआयएफआरमध्ये 1964पासून सीडीसी 3600. एकाच्या यंत्रभाषेत लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला कळत नसे. अशा वेळी शेजाऱ्याला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आता वापरणारे बदलले. 2021पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद, मोबाइलवर आली आणि कापूस-सोयाबीनवाला शेतकरीही वापरकर्ता झाला. सर्व्हर अडकला, फोटो चढेना, की तो दुकान गाठतो. काम होतं, पण कसं झालं ते दुकानातच राहतं. मराठी टायपिंगचंही तेच. कृतिदेव फॉन्टमधला अर्ज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, हे कुणीतरी सांगावं लागतं.

एक खोली, एक रविवार आणि दोन-चार जुने संगणक, एवढ्यावर मंडळ चालेल. अडचण आहे ती सांगणाऱ्या माणसाची. इथं जो संगणक नीट शिकतो, तो नोकरीसाठी पुणं गाठतो. मागे राहिलेल्याला चार गोष्टी येत असतील, तर त्यावर त्याचं दुकान चालतं. त्या त्यानं फुकट का शिकवाव्यात, याचं उत्तर माझ्याकडं नाही.